व्यवसाय प्रशिक्षण संस्थेत सचोटी रुजते कशी?

नागपुरात हिंगणा मार्गावर एक खासगी आयटीआय आणि त्याच आवारात अल्पमुदतीचे कौशल्य प्रशिक्षण केंद्र चालवणाऱ्या संस्थेच्या तरुण सचिवांनी हा प्रश्न विचारला आहे. मागील तपासणीत वीजतंत्री व्यवसायाच्या हजेरीपटावर १९ प्रशिक्षणार्थी हजर दिसत होते, तर त्याच दिवसांच्या कार्यशाळेतील जॉब नोंदवहीत, म्हणजे कोणी कोणते प्रात्यक्षिक काम केले याच्या नोंदवहीत, १२ जणांचेच काम नोंदलेले होते. शिवाय प्रवेशाच्या वेळी दिलेले नोकरीचे आश्वासन पाळले गेले नाही, अशी दोन पालकांची लेखी तक्रार आली. त्यानंतर संस्थेने आचारसंहिता छापून प्रत्येक वर्गात लावली, सर्वांच्या सह्या घेतल्या, एक दिवसाची कार्यशाळाही घेतली. तरी तीन महिन्यांनंतर स्थिती जवळपास तीच आहे. आता काय करावे, असे त्यांचे विचारणे आहे.

मी शिल्प निदेशक, म्हणजे प्रशिक्षणार्थ्यांना व्यवसाय शिकवणारा शिक्षक, म्हणून या क्षेत्रात आलो, पुढे गटनिदेशक आणि प्राचार्य झालो, आणि आता विदर्भातील अशा संस्थांच्या नोंदी त्यांच्याच विनंतीवरून तपासून देण्याचे काम करतो. या सगळ्या काळात माझे एक मत पक्के होत गेले आहे. खोटी नोंद बहुतेक वेळा वाईट माणूस करत नाही. ज्याला खरी नोंद परवडत नाही, तो माणूस ती करतो. निदेशकाला तुकडी बंद पडण्याची भीती असते, प्रवेश घेणाऱ्या कर्मचाऱ्याचे पोट कमिशनवर असते, प्राचार्यांना संचालक मंडळापुढे शंभर टक्के निकाल दाखवायचा असतो. आचारसंहितेवर सही केल्याने यांपैकी कोणालाही खरी नोंद परवडू लागत नाही, म्हणून आपल्याकडे तीन महिन्यांत काही बदलले नाही. आपले काम दोषी शोधण्याचे कमी आणि खोट्या नोंदीची गरज कोठे निर्माण होते ते शोधून ती गरजच काढून टाकण्याचे अधिक आहे.

हे मी बाहेरून पाहून लिहीत नाही. माझ्या पहिल्याच नोकरीत, तपासणीच्या आदल्या रात्री, आम्हा सर्व निदेशकांना एका खोलीत बसवून कोरे हजेरीपट देण्यात आले आणि दोन महिन्यांची हजेरी वेगवेगळ्या पेनांनी भरायला सांगण्यात आले. ज्या मुलाने वडील वारल्यावर शिक्षण सोडून शेती हाती घेतली होती, त्याच्या नावापुढेही मी सलग 'ह' लिहीत गेलो. तपासणी सुरळीत पार पडली. पण त्यानंतर वर्गात कोणा मुलाला दुसऱ्याचा जॉब आपला म्हणून दाखवताना पकडले, की मला त्याच्याशी बोलायला शब्द सापडत नसत, कारण त्या मुलांना ती रात्र ठाऊक होती. संस्थेत काय चालते याची खरी माहिती सर्वांत आधी प्रशिक्षणार्थ्यांना असते. तपासणी पथकाला ती सर्वांत शेवटी मिळते.

म्हणून पहिली सूचना अप्रिय असली तरी स्पष्ट लिहितो. अनेक खासगी संस्थांत निदेशक पूर्ण वेतनाच्या पत्रकावर सही करतो आणि त्यातील काही भाग रोखीने परत करतो, किंवा त्याला मान्यतेपुरते कागदावर ठेवून प्रत्यक्षात दुसराच, कमी अर्हतेचा माणूस शिकवतो. आपल्याकडे असे आहे, असे मी गृहीत धरत नाही. परंतु असेल, तर बाकी सर्व उपाय बाजूला ठेवून सुधारणा येथून सुरू करावी. जो माणूस दर महिन्याच्या एक तारखेला स्वतःच्या वेतनाविषयी खोटी सही करतो, त्याने दोन तारखेला हजेरीपट खरा भरावा, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? वेतन थेट बँक खात्यात, पत्रकावर असेल तेवढेच आणि वेळेवर द्यावे. ते परवडत नसेल, तर एखादी तुकडी कमी चालवावी. कोणत्याही प्रशिक्षण वर्गापेक्षा या एका निर्णयाने वातावरण अधिक बदलते, हे मी दोन संस्थांत प्रत्यक्ष पाहिले आहे.

आता प्रवेशाकडे वळतो, कारण आपल्याकडे आलेल्या पालकांच्या तक्रारीचे मूळ तेथेच आहे. दहावीच्या निकालापासून ऑगस्टपर्यंत नागपुरात प्रवेशाचा हंगाम असतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीपासून थेट बालाघाट आणि शिवनीपर्यंतची मुले आईवडिलांसोबत गणेशपेठच्या बसस्थानकावर उतरतात आणि संस्थेत आल्यावर वडील एकच प्रश्न विचारतात, "सर, लेकराले नोकरी लागन ना?" समोर बसलेल्या समुपदेशकाला प्रत्येक प्रवेशामागे पैसे मिळणार असतील, तर तो या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देऊ शकत नाही. तो खोटे बोलतो असेही नाही. तो फक्त "लागते हो, कंपन्या येतात आपल्याकडे" एवढेच म्हणतो आणि पुढचा अर्ज घेतो. त्या वाक्यावर विसंबून कोणी एक एकर गहाण टाकतो.

अमेरिकेत खासगी करिअर स्कूलांच्या बाबतीत हा प्रश्न फार पूर्वी आला. केंद्रीय शासनाच्या विद्यार्थी साहाय्यावर चालणाऱ्या संस्थांनी प्रवेशाच्या संख्येवर कमिशन किंवा बोनस देऊ नये, अशी तरतूद तेथे १९९२ मध्ये कायद्यात आली. २००२ मध्ये नियमांत काही सवलती दिल्या गेल्या आणि त्या वाटांनी कमिशन परत आले. अखेर त्या सवलती रद्द होऊन जुलै २०११ पासून बंधन पुन्हा कडक झाले. यातून मी एवढाच बोध घेतो की अर्धवट बंदी चालत नाही. आपल्या समुपदेशकांना ठरावीक वेतन द्यावे आणि बाहेरच्या एजंटांची पद्धत पूर्ण बंद करावी. काही प्रोत्साहन द्यायचेच असेल, तर ते प्रवेशावर न देता, त्या तुकडीतील किती मुले सहा महिन्यांनंतर टिकून आहेत यावर द्यावे, आणि तेही प्रवेश विभाग व निदेशक यांना मिळून द्यावे. पहिल्या वर्षी प्रवेश घटतील. संचालक मंडळाला ही घट आधीच सांगून तिला मंजुरी घ्यावी. नाहीतर जुलैच्या मध्यावर धीर सुटतो आणि सर्व पूर्ववत होते.

त्यासोबत प्रत्येक अभ्यासक्रमासाठी एका पानाचे माहितीपत्र मराठीत आणि हिंदीत तयार करावे. एकूण शुल्क किती आणि ते कोणत्या हप्त्यांत, परीक्षा शुल्क व गणवेशासह सर्व धरून. प्रमाणपत्र कोण देणार. मागील तीन वर्षांत किती जणांनी प्रवेश घेतला, किती जणांनी पूर्ण केला, किती उत्तीर्ण झाले आणि किती जणांना कोठे, किती पगारावर काम मिळाले. मध्येच सोडल्यास शुल्काचे काय होईल, हे सर्व त्यात असावे. हे पत्र हातात देऊन भागत नाही. पालकांपुढे ते मोठ्याने वाचून दाखवावे, कारण सही करणाऱ्या अनेक पालकांना वाचण्याचा सराव नसतो आणि तसे सांगण्याचा त्यांना संकोच वाटतो. वाचून झाल्यावर त्याच दिवशी पैसे घेऊ नयेत. घरी जाऊन विचार करून या, जागा दोन दिवस राखून ठेवतो, असे सांगावे. माझ्या अनुभवात असे परत गेलेल्यांपैकी बहुतेक जण परत येतात, आणि जे परत येतात ते सहसा मध्येच सोडून जात नाहीत.

माहितीपत्रातील प्रमाणपत्राच्या ओळीविषयी थोडे अधिक लिहितो, कारण आपल्या आवारात दोन वेगळ्या व्यवस्था शेजारी शेजारी चालतात. आयटीआयमधून अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्याला राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. त्यामागे १९५० पासून चालत आलेली शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना आणि प्रशिक्षण महासंचालनालयाची संलग्नता आहे. अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांचे प्रमाणपत्र एखादी मान्यताप्राप्त प्रदायी संस्था देत असेल, तर ती राष्ट्रीय व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण परिषदेच्या नियमनाखाली येते. ही परिषद डिसेंबर २०१८ मध्ये अधिसूचित झाली आणि ऑगस्ट २०२० पासून काम करू लागली. आणि काही अभ्यासक्रमांना केवळ आपल्या संस्थेचा शिक्का असतो. प्रवेशद्वारावरच्या एकाच फलकावर 'सरकारमान्य' लिहिले, की पालकांच्या दृष्टीने तिन्ही एक होतात. त्या फलकावरून हा शब्द उतरवावा आणि प्रत्येक अभ्यासक्रमापुढे मान्यता नेमकी कोणाची, ते लिहावे. शब्दशः पाहता 'सरकारमान्य' खोटे नसेलही, पण पालकांची समजूत खोटी करून दिली जाते आणि त्याची जबाबदारी संस्थेचीच असते. जाहिरातींच्या बाबतीत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत निवडीची वा नोकरीची हमी देणारे दावे आणि यशस्वी उमेदवारांच्या लेखी संमतीशिवाय त्यांची नावे व छायाचित्रे वापरणे यांना मनाई आहे. ती कोचिंगसाठी लिहिलेली असली, तरी आयटीआयने आपल्या माहितीपत्रकाला तीच कसोटी स्वतःहून लावावी, असे माझे मत आहे.

मूळ कागदपत्रे तपासून त्याच दिवशी परत द्यावीत. शुल्क थकले म्हणून दहावीची गुणपत्रिका किंवा शाळा सोडल्याचा दाखला कपाटात अडकवून ठेवू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षण संस्थांना २०१८ मध्येच हे बजावले आहे. प्रत्येक रुपयाची पक्की पावती द्यावी. याहून अधिक सांगण्यासारखे त्यात काही नाही.

हजेरीवर मात्र विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के उपस्थिती लागते, आणि आपल्या भागातील मुलांच्या जीवनाचे वेळापत्रक या अटीशी जुळत नाही. पोळा झाला की उपस्थिती उतरू लागते. सोयाबीन काढणी, मौदा-रामटेककडे धानाची कापणी आणि काटोल-सावनेरकडे कापूस वेचणी यांत मुलांचे हात घरी लागतात. उन्हाळ्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो आणि टिनाच्या छताखालच्या कार्यशाळेत दुपारी वेल्डिंग करणे अमानुष होते. कुहीहून येणाऱ्या मुलाची सकाळची एसटी चुकली, की त्याचा अर्धा दिवस जातो. या सर्वांमुळे उपस्थिती ७० टक्क्यांच्या आसपास घोटाळते, आणि मग निदेशक मुलांवरील दयेपोटीच उरलेले टक्के भरून काढतो. त्याच्या मनात ती लबाडी नसते. मुलाचे वर्ष वाचवले, असे त्याला वाटते. म्हणूनच त्याला 'खोटे लिहू नका' एवढे सांगून उपयोग होत नाही, कारण त्याच्या दृष्टीने तो चांगलेच काम करत असतो.

त्याला दुसरी वाट द्यावी लागते. ज्या संस्थेत मी प्राचार्य होतो, तेथे आम्ही आधी दोन महिने हजेरी कोणतीही कारवाई न करता जशीच्या तशी लिहिण्याचे ठरवले, आणि गैरहजेरीपुढे कारण लिहायला सुरुवात केली. कारणे समोर आल्यावर उपाय आपोआप दिसू लागले. पहिली तासिका एसटीच्या वेळेनुसार अर्धा तास पुढे नेली. एप्रिल-मे महिन्यांत कार्यशाळा सकाळी सातला सुरू केली आणि दुपारी वर्गातील विषय ठेवले. काढणीच्या काळात बुडालेल्या प्रात्यक्षिकांसाठी डिसेंबर-जानेवारीतील रविवारी जादा सत्रे घेतली आणि त्यांची हजेरी त्या त्या दिवशीचीच, स्वतंत्र नोंदवहीत घेतली. मागील तारखांवर कधीही चढवली नाही. सलग तीन दिवस मूल आले नाही, तर निदेशकाने घरी फोन करावा आणि पाच दिवस झाले तर कोणीतरी जाऊन यावे, असे ठरवले. त्या वर्षी तीन मुले तरीही ८० टक्क्यांपर्यंत पोहोचली नाहीत आणि आम्ही त्यांना परीक्षेला बसवले नाही. तो दिवस फार जड गेला. एका मुलाची आई माझ्या खोलीत बराच वेळ गप्प बसून राहिली होती. दोघांनी पुढच्या वर्षी पूर्ण केले, एक परत आला नाही. त्या तिसऱ्या मुलाचा विचार मी आजही करतो, पण त्याला खोटी हजेरी देऊन वीजतंत्री म्हणून खांबावर चढवले असते तर काय झाले असते, हाही विचार त्यासोबतच येतो.

या व्यवसायांत खोट्या नोंदीची किंमत कागदावर राहत नाही, हे संचालक मंडळाला पुन्हा पुन्हा सांगावे लागते. बुटीबोरीतील एका कारखान्याच्या पर्यवेक्षकांनी एकदा मला दूरध्वनी करून विचारले, की तुमच्याकडून आलेल्या दोन मुलांना मेगर लावून इन्सुलेशन तपासता येत नाही, मग त्यांनी परीक्षा दिली कशी? मी जॉब नोंदवही काढून पाहिली. त्या प्रात्यक्षिकापुढे दोघांची नावे होती, तारीख होती, गुणही होते. तारीख पाहिली तर त्या दिवशी संस्थेला सुटी होती. त्या निदेशकावर मी रागावलो, आणि नंतर लक्षात आले की वर्षभर आमच्याकडे दोनपैकी एक मेगर नादुरुस्त होता आणि त्याच्या दुरुस्तीची मागणी माझ्याच टेबलावर पडून होती.

प्रात्यक्षिक परीक्षेतही हेच सूत्र लागू होते. जोडारी (फिटर) व्यवसायाचा जॉब निदेशकाने आधीच घासून ठेवायचा आणि परीक्षेच्या दिवशी मुलाने हातात घेऊन उभे राहायचे, ही पद्धत ज्यांना ठाऊक आहे त्यांना मी नव्याने सांगण्याची गरज नाही. यावरचा उपाय साधा आहे: कच्चा तुकडा परीक्षेच्या सकाळीच कापून द्यावा, त्यावर मुलाचा क्रमांक सर्वांसमक्ष पंच करावा, आणि मोजमापे व्हर्नियरने घेऊन तेथेच लिहावीत. जॉब काही काळ जपून ठेवावेत, भंगारात लगेच घालू नयेत. बाहेरून आलेल्या परीक्षकांना चहा आणि साधे जेवण द्यावे. पाकीट, भेटवस्तू आणि हॉटेलातील व्यवस्था बंद करावी, आणि हे संस्थेचे धोरण म्हणून त्यांना पत्रानेच आधी कळवावे, म्हणजे प्रसंगी अवघडलेपण येत नाही. निकाल खाली येईल. शंभर टक्क्यांचा फलक लावण्याची सवय असलेल्या शहरात ७४ टक्के निकाल सांगणे कठीण असते, पण कारखानदार त्या आकड्यावर अधिक विश्वास ठेवतात, असा माझा अनुभव आहे.

नोकरीचे आकडे हा अशा संस्थांच्या नीतीचा सर्वांत निसरडा भाग. अमेरिकेतील कोरिंथियन कॉलेजेस या मोठ्या समूहाचे उदाहरण मी संचालकांना नेहमी सांगतो. त्यांच्या हील्ड कॉलेजने नोकरीचे फुगवलेले आकडे प्रसिद्ध केल्याबद्दल तेथील शिक्षण विभागाने एप्रिल २०१५ मध्ये सुमारे ३ कोटी डॉलर दंड जाहीर केला. तपासात ९४७ ठिकाणी आकडे चुकीचे दिलेले आढळले, आणि आपल्याच पदवीधरांना आपल्याच आवारात जेमतेम दोन दिवसांचे तात्पुरते काम देण्यासाठी हंगामी कामगार पुरवणाऱ्या कंपन्यांना पैसे देऊन त्यांना 'नोकरी मिळालेले' म्हणून मोजल्याचेही समोर आले. त्याच महिन्याच्या अखेरीस समूहाने उरलेली सर्व केंद्रे बंद केली आणि हजारो विद्यार्थी मध्यावर अडकले. पुढे २०२२ मध्ये तेथील शासनाने या समूहाच्या सुमारे ५ लाख ६० हजार माजी विद्यार्थ्यांचे ५८० कोटी डॉलरचे कर्ज माफ केले. त्या समूहात एका दिवसात कोणी गुन्हेगार झाले नसावे. 'नोकरी' या शब्दाची व्याख्या थोडी थोडी सैल होत गेली.

म्हणून व्याख्या आधी लिहून ठेवावी. माझ्या मते ज्याने तीन महिने काम केले, ज्याची पगाराची पावती किंवा भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक आपल्याकडे आहे आणि ज्याचे काम शिकलेल्या व्यवसायाशी संबंधित आहे, त्यालाच नोकरी मिळाली असे मोजावे. ऑफर लेटर म्हणजे नोकरी नव्हे. शिकाऊ उमेदवारी वेगळ्या रकान्यात दाखवावी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो, आणि त्याला विद्यावेतन मिळते. हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत मिळालेली शिकाऊ उमेदवारी मुलासाठी उत्तमच आहे. तिला तिच्याच नावाने मोजले, तर तिची किंमत कमी होत नाही. गावी परतून मोटार रिवाइंडिंगचे दुकान टाकणाऱ्यांसाठीही एक रकाना ठेवावा. आकडे गोळा करण्याचे काम प्रवेश विभागाकडे देऊ नये, आणि दर दहा नावांमागे दोघांना फोन करून कोणीतरी तिऱ्हाईताने खातरजमा करावी.

शिष्यवृत्तीविषयी नागपुरात बोलताना मला विशेष जबाबदारी वाटते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालत आली आहे, आणि दीक्षाभूमीच्या या शहरात त्या पैशावर शिकून पहिल्यांदा पगार घरी नेलेली कित्येक कुटुंबे माझ्या परिचयाची आहेत. सुधारित योजनेत केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतो. त्यावर काही ठिकाणी मुलांकडून कोऱ्या धनादेशांवर सह्या घेणे किंवा त्यांची एटीएम कार्डे संस्थेत ठेवून घेणे, अशी पद्धत सुरू झाली. आपल्याकडे एकही कार्ड किंवा धनादेशपुस्तिका असेल, तर आज सायंकाळपर्यंत परत करावी. याला समितीच्या बैठकीची वाट पाहू नये. शुल्क वसुलीसाठी मुलाला रक्कम जमा झाल्याची तारीख आणि देय रक्कम लेखी कळवावी आणि उशीर झाल्यास मुदत द्यावी. काही रक्कम बुडेल, ती संस्थेने सोसावी.

सुरक्षिततेच्या नियमांकडे कागद म्हणून पाहण्याची सवय मोडण्यासाठी मी एक छोटा उपाय वापरतो. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते आणताना मुलांसमोर एक अग्निशामक प्रत्यक्ष चालवून दाखवावा आणि दुसरा मुलांना चालवू द्यावा. सुरतमध्ये मे २०१९ च्या आगीत शिकवणीला आलेली २२ मुले गेली, हे त्यांना सांगावे. तसेच दहा किंवा अधिक कर्मचारी असतील, तर कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असलीच पाहिजे. कार्यशाळेत वीसांपैकी दोनच मुली असतात, तेथे त्या समितीतील बाहेरच्या सदस्यांनी वर्षातून दोनदा तरी मुलींशी वेगळे बसून बोलावे.

आता ज्यावर बाकी सर्व टिकते त्या गोष्टीकडे येतो: वाईट बातमी आणणाऱ्याशी संस्था कशी वागते. महिन्यातून एकदा अध्यक्षांच्या उपस्थितीत तासाभराची बैठक घ्यावी आणि तिचा पहिला प्रश्न "या महिन्यात कोणती नोंद खरी ठेवणे कठीण गेले?" हा असावा. पहिले दोन-तीन महिने सर्व गप्प बसतील. त्या शांततेला घाबरून विषय बदलू नये. जेव्हा पहिला माणूस बोलेल, तेव्हा त्याला मिळालेला प्रतिसाद बाकीचे कायमचे लक्षात ठेवतात. चूक आणि लबाडी यांत फरक करावा: स्वतःहून सांगितलेली चूक दुरुस्त करून सोडून द्यावी, सांगण्याची संधी असूनही लपवलेली खोटी नोंद मात्र, ती कोणीही केलेली असो, अध्यक्षांच्या नातेवाइकाने केलेली असली तरी, कारवाईशिवाय सोडू नये. खासगी संस्थांमध्ये नेमकी ही शेवटची अट पाळली जात नाही, आणि त्यामुळेच बाकीचे नियम हास्यास्पद ठरतात. तक्रारीसाठी प्राचार्यांना वगळून पोहोचता येईल असा एक मार्ग ठेवावा. संस्थेशी आर्थिक संबंध नसलेले निवृत्त प्राध्यापक किंवा बँक अधिकारी हे काम आनंदाने करतात.

राहिला तपासणीच्या शेऱ्यांना द्यावयाच्या उत्तराचा प्रश्न. 'लेखनप्रमाद' असे उत्तर देण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी दिला असेल. तो मानू नये. हजेरीपटावरील १९ चा आकडा चुकीचा होता, प्रत्यक्ष उपस्थिती सरासरी अमुक इतकी होती, सात प्रशिक्षणार्थ्यांसाठी जादा सत्रांचे वेळापत्रक सोबत जोडले आहे आणि जे अट पूर्ण करणार नाहीत त्यांना परीक्षेस बसवले जाणार नाही, असे अध्यक्षांच्या सहीने लिहावे. कारवाई होऊ शकते, कदाचित एखादी तुकडी अडचणीत येईल. त्याची तयारी ठेवावी. पण उत्तर लिहायला बसण्यापूर्वी एक काम करावे. तफावत सापडली, कारण दोनपैकी एक नोंदवही खरी होती. कार्यशाळेत १२ जण होते तेव्हा १२ लिहिणारा निदेशक आपल्या संस्थेत आहे आणि गेले तीन महिने सहकारी बहुधा त्यालाच या सर्व त्रासाचे कारण मानत असतील. त्याचे तास कमी केले गेले आहेत का, त्याचे वेतन थांबले आहे का, हे आधी पाहावे आणि तसे असेल तर ते पूर्ववत करावे. नंतर हजेरीची नवी पद्धत कशी असावी, हे सर्वांसमोर त्यालाच विचारावे.